सिनुहेच्या पलायनाचे कारण

प्राचीन इजिप्तच्या वारशाचा विचार बहुधा पिरॅमिड, ममी आणि कबरींतील ऐवज ह्यांपाशी थांबतो. ह्या लोकांना ललित वाङ्मयही होते, ही गोष्ट इतिहासग्रंथांत एखाद्या परिच्छेदात उरकली जाते. त्या वाङ्मयातील सर्वांत प्रगल्भ कृती म्हणजे बाराव्या राजवंशाच्या काळात रचलेली ‘सिनुहेची कथा’ होय. तिच्या प्रमुख पपायरस-प्रती बर्लिन येथे आहेत. पुढे सहा-सातशे वर्षांनी, रामेसिस राजांच्या काळातही, लेखनिक तिचे उतारे चुनखडीच्या कपच्यांवर उतरवीत होते. ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयातील एका भल्यामोठ्या कपचीवर तर जवळजवळ सबंध कथा आहे.

कथानक साधे आहे. इ. स. पूर्व विसाव्या शतकात पहिला अमेनेमहेत मरण पावतो. युवराज सेनुस्रेत लिबियाच्या मोहिमेवरून परतत असतो; वार्ता कळताच तो सैन्याला सुगावा लागू न देता राजधानीकडे निघतो. राणी नेफ्रूच्या सेवेतील सिनुहे ही वार्ता चोरून ऐकतो, थरथर कापू लागतो आणि पळत सुटतो. सीरियाच्या बाजूस रेतेनूचा अधिपती अमुनेन्शी त्याला आपली थोरली मुलगी आणि सुपीक जमीन देतो. तेथे तो टोळीप्रमुख होतो, द्वंद्वयुद्ध जिंकतो. परंतु म्हातारपणी त्याला मायदेशी मरण्याची ओढ लागते. राजाचे पत्र येते व तो परततो.

तो पळाला का? जॉर्ज पोझनेर ह्यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात बाराव्या राजवंशाच्या वाङ्मयामागील राजकीय हेतू साक्षेपाने उलगडून दाखविले. त्या दृष्टीने ही कथा सेनुस्रेतच्या औदार्याची जाहिरात ठरते. ह्या मताला आधार आहे. अमुनेन्शीपुढे सिनुहे नव्या राजाचे जे लांबलचक स्तवन करतो, ते दरबारी वळणाचेच आहे. तथापि ह्या उपपत्तीने कथेचा गाभा हाती लागत नाही. राजाची क्षमाशीलता दाखवावयाची, तर आधी अपराध हवा. येथे राजा स्वतःच पत्रात लिहितो, की सिनुहेवर कसलाही आरोप नव्हता. जेथे क्षमा करण्याजोगे काही नाही, तेथे क्षमेचे माहात्म्य ते कोणते?

पलायनाचा खुलासा सिनुहे एकदाच देत नाही, आणि दर वेळी तो बदलतो. प्रथम तो म्हणतो, की राजधानीत दंगा माजेल व आपण जगणार नाही असे वाटले. अमुनेन्शीला दिलेले उत्तर पुरते खरे नव्हे, असे कथाच सुचविते. तेथे तो देवाच्या योजनेकडे बोट दाखवितो. राजाला उत्तर लिहिताना मात्र ते सारे स्वप्नवत होते असे सांगतो : नाईलच्या मुखाकडील माणसाने स्वतःला एकाएकी दक्षिण सीमेवरच्या एलिफंटाइन येथे पाहावे, तसे. ही विसंगती लेखनिकांच्या हातून शिरली असे मानण्यास जागा नाही. प्रत्येक खुलासा समोरच्या श्रोत्याला साजेसा आहे.

रचनाबंध ध्यानात घेतला म्हणजे हे अधिकच लक्षणीय वाटते. कथेचा आरंभ कबरीवरील आत्मचरित्रपर लेखासारखा आहे : पदव्या, नाव आणि मग मृताचे निवेदन. अशा लेखांत अधिकारी पुरुष आपली सत्कृत्ये निःशंकपणे मोजतो. सिनुहेच्या कवीने हा साचा घेतला आणि ज्या कृत्याचा जाब कर्त्यालाही देता येत नाही, ते त्यात मध्यभागी ठेवले. (मिका वाल्तारी ह्यांच्या १९४५ च्या कादंबरीने हे नाव जगभर नेले, परंतु तिचा नायक सहा शतकांनंतरच्या अखनातनच्या काळातील वैद्य आहे. मूळ कथेशी तिचे नाते नावापुरतेच म्हणावे लागेल.)

आधुनिक अस्तित्ववादी चिंता ह्या कथेवर लादणेही तितकेच अप्रस्तुत होईल. सिनुहेचे भय दरबारी माणसाचे आहे, आणि परत येताना त्याला हवे असते ते विधिपूर्वक दफन. परदेशात मेंढ्याच्या कातड्यात गुंडाळून पुरले जाणे राजाच्या पत्रातही टाळण्याजोगी आपत्ती म्हणूनच येते. शेवटी त्याची दाढी केली जाते, केस विंचरले जातात, अंगावर तलम वस्त्रे येतात आणि राजपुत्रांच्या पिरॅमिडांमध्ये त्याच्यासाठी दगडी पिरॅमिड उभा राहतो. मात्र तत्पूर्वी, दरबारात त्याला पाहताच राणी किंकाळी फोडते, आणि हा तो नव्हेच असे राजाची मुले एकमुखाने म्हणतात. राजस्तुतीसाठी ह्या प्रसंगाची काहीच गरज नव्हती.