‘समाज अजून तयार नाही’ : एका राजकीय वाक्याची चिकित्सा

आपल्या राजकारणात काही वाक्ये अशी आहेत, की ती कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याच्या तोंडी शोभून दिसतात. ‘समाज अजून तयार नाही’ हे त्यांपैकी एक. समलिंगी विवाहाचा प्रश्न निघाला की हे वाक्य हटकून ऐकू येते. सनातनी ते अभिमानाने उच्चारतात, पुरोगामी खेदाने उच्चारतात. परिणाम एकच होतो. या वाक्याची चिकित्सा मला करावीशी वाटते, कारण दलित चळवळीच्या कानांना ते नवे नाही. तळ्यावर, देवळाच्या दारात, शाळेच्या ओसरीवर आपल्या वाडवडिलांनी ते ऐकले आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ ची धार काढून घेतली. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिले नाहीत. त्या निकालाने आधार घेतला तो संवैधानिक नीतीचा, म्हणजे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडलेल्या कल्पनेचा. ही नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे ते म्हणाले होते. पुढे १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने विवाहाचा मूलभूत हक्क एकमताने नाकारला. विवाहाखेरीज नागरी जोडीदारीला मान्यता द्यावी की नाही, यावर तीन विरुद्ध दोन अशी फाळणी होऊन तीही नाकारली गेली. फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळण्यात आल्या. कायदा करणे हे संसदेचे काम, असे न्यायालयाने सांगितले. तेव्हा संसदेतले लोक काय करतात, हे तपासणे प्राप्त आहे.

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयात सांगितले, की ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. या शब्दयोजनेकडे नीट पाहा. एरवी खेड्यातल्या माणसाचे नाव न घेणारे शासन येथे एकाएकी त्याचे वकील होते. मी नांदुऱ्यात राहतो. कापसाच्या पट्ट्यातले, मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. येथे समलिंगी माणसे नाहीत, असे कोण म्हणेल? ती आहेत. पण ती बोलत नाहीत, बोलली तर घर तुटते. आणि पुण्यामुंबईत खोली घेऊन राहायची ऐपत सर्वांची नसते. शहरातला पैसेवाला वकील गाठून मृत्युपत्र करू शकतो. वेचणीला जाणाऱ्या बाईला, हमालाला कायद्यावाचून दुसरा आधार कोणता? सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात हा ‘उच्चभ्रू’ युक्तिवाद खोडून काढताना शेतात राबणाऱ्या स्त्रीचाच दाखला दिला. त्यांना निदान ती दिसली. पुढाऱ्यांना ती विरोधाला साक्षीदार म्हणूनच हवी असते.

हे झाले सत्ताधाऱ्यांचे. त्यांच्याकडून माझी अपेक्षा नव्हती, म्हणून निराशाही नाही. माझी खरी तक्रार स्वतःला उदारमतवादी म्हणवणाऱ्यांविषयी आहे. १८ डिसेंबर २०१५ रोजी शशी थरूर यांनी कलम ३७७ बदलणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडू पाहिले. ते मांडूसुद्धा दिले नाही. विरोधात ७१ मते, बाजूने २४. काँग्रेसचे त्या लोकसभेत ४४ खासदार निवडून आले होते. ती चोवीस मते सगळी त्यांचीच धरली, तरी उरलेले वीसजण कोठे होते? विरोध करणारा निदान सभागृहात बसून हात वर करतो. उदारमतवादी मात्र त्या दिवशी गैरहजर असतो.

२०२३ साली केंद्राने राज्यांची मते मागवली. उत्तरे आली सात राज्यांची. विरोध करणाऱ्या तिघांत आसाम आणि आंध्र प्रदेश यांच्याबरोबर राजस्थान होते, आणि राजस्थानात तेव्हा काँग्रेसचे सरकार होते. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्याखेरीज ज्यांचे भाषण सुरू होत नाही, त्या महाराष्ट्राने काय केले? मुदत वाढवून मागितली. याच महाराष्ट्राच्या सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, ही गोष्ट नोंदवली पाहिजे. पण ते कायदा न होताच ती लोकसभा संपली. काँग्रेसने २०२४ च्या जाहीरनाम्यात व्यापक विचारविनिमयानंतर नागरी जोडीदारीचा कायदा आणू, असे लिहिले. लग्न हा शब्द टाळला आणि आधी ‘विचारविनिमय’ हा उंबरठा ठेवला. देवळात या, पण सभामंडपापर्यंतच, असे सांगणाऱ्यांची ही भाषा आपल्याला ओळखू येऊ नये काय?

आता या वाक्याचा इतिहास पाहू. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली, हा अपराध. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही होते. मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. समाज तेव्हा तयार होता काय? आणि हिंदू कोड बिलाला समाज तयार होता काय? ते रखडवले गेले म्हणून १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. लग्न, वारसा, घटस्फोट हे त्यांच्या लेखी घरगुती विषय नव्हते. जात टिकते ती लग्नाच्या मांडवात, हे त्यांनी १९३६ सालीच सांगून ठेवले होते.

लग्न कोणी कोणाशी करावे हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्या हाती समाजरचना. म्हणूनच सत्यशोधक समाजाने १८७३ साली भटाशिवाय लग्न लावले. तामिळनाडूत पेरियारांच्या अनुयायांनी स्वाभिमान विवाह आधी केले; अण्णादुराईंच्या सरकारने १९६७ साली कायदा करून त्यांना, मागल्या तारखेपासून, मान्यता दिली. समाज तयार होईपर्यंत कोणी थांबले नाही. थांबले असते तर समाज तयार झालाही नसता.

आपल्याकडचे काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, आमच्यापुढे भाकरीचे प्रश्न आहेत, अत्याचाराचे आहेत. हे चोचले कशाला? या मित्रांचा राग मला समजतो. समलिंगी हक्कांच्या व्यासपीठावरही सवर्णांचीच भाषा चालते आणि तेथे गेलेल्या दलित मुलाला आडनाव विचारले जाते, हेही खरे आहे. परंतु ज्या पोराला वस्तीत जातीचा मार आणि घरात या गोष्टीचा मार बसतो, ते कोणाचे पोर? आपलेच. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवणारी समिती नेमली; ओरड झाल्यावर ‘आंतरजातीय’ हा शब्द वगळला, ‘आंतरधर्मीय’ ठेवला. विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांची नोटीस कचेरीच्या भिंतीवर लागते आणि मुलीच्या भावांच्या हाती पत्ता देते. आंतरजातीय जोडप्याला मारणारा हात आणि दोन मुलींना फरफटत घरी आणणारा हात वेगळा नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या काळ्या जनतेसमोर भाकरीचा प्रश्न नव्हता काय? तरी वर्णभेदाच्या राखेतून उभ्या राहिलेल्या त्यांच्या १९९६ च्या संविधानाने लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई केली आणि २००६ साली तेथे समलिंगी विवाह कायदेशीर झाला. ज्यांनी माणूसपण नाकारलेले सोसले, त्यांनीच ते दुसऱ्याला नाकारायचे नाही असे ठरवले.

आमच्याकडेही चिन्हे अगदीच नाहीत असे नाही. वंचित बहुजन आघाडीने दिशा पिंकी शेख यांना प्रवक्तेपद दिले, आणि सप्टेंबर २०२४ च्या आपल्या पहिल्या यादीत रावेरसाठी शमिभा पाटील यांचे नाव जाहीर केले. तृतीयपंथीयांचा प्रश्न आणि समलिंगी विवाहाचा प्रश्न एक नव्हेत, हे ध्यानात ठेवूनही या गोष्टीचे मोल कमी होत नाही.

नांदुरा तालुका मलकापूर विधानसभेत आणि रावेर लोकसभेत मोडतो. येथे मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो निळा झेंडा घेऊन येवो की तिरंगी उपरणे घालून, दोन प्रश्न विचारले पाहिजेत. विशेष विवाह कायद्यातील नोटिशीची अट काढणार काय? त्या कायद्यातील ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ या शब्दांच्या जागी ‘दोन व्यक्ती’ असे लिहिणार काय? उत्तरादाखल त्याने समाज तयार नसल्याचे सांगितले, तर तिसरा प्रश्न विचारावा : आपण तयार आहात काय?