लवकर येणारी कपाशी : आकडा आणि खूण

मागच्या व्याख्यानात आपण खूण आणि अनुमान यांचा संबंध पाहिला. आज त्याची परीक्षा शेतात घेऊ. विषय आहे कपाशीचं ‘लवकर येणारं’ वाण. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, कृषितज्ज्ञ नव्हे. पण शब्द सैल पडला की कोणाला तरी त्याची किंमत मोजावी लागते, एवढं आम्हाला कळतं.

वाणाच्या माहितीपत्रकात कालावधीचे दिवस दिलेले असतात. हे दिवस मोजले कुठपर्यंत? पहिल्या फुलापर्यंत, पहिलं बोंड फुटेपर्यंत, की शेवटच्या वेचणीपर्यंत? कपाशी मुळात बहुवर्षायू, आपण तिला एका हंगामात बसवली. तिच्यावर पाती, फुलं, बोंडं एकाच वेळी नांदतात. म्हणून ‘पीक तयार झालं’ हे तिच्याबाबत एका तारखेचं विधान होत नाही. नुसता आकडा इथे अर्धवट बोलतो.

मग झाडच वाचावं. पहिली खूण : पहिली फळफांदी कितव्या पेरावर आहे. बीजदलांचं पेर शून्य धरून वर मोजायचं. अमेरिकन कपाशीत ती बहुधा पाच ते आठ या पेरांत येते. जितकी खाली, तितकं वाण लवकरचं. कारण एकेक नवं पेर यायला सुमारे ३ दिवस लागतात. दुसरी : गळफांद्या कमी. गळफांदीला थेट पातं लागत नाही. आधी ती वाढणार, मग तिच्यावर फळफांद्या येणार. तिसरी : बोंडं खोडाजवळ. वरच्या फळफांदीचं पहिलं फूल सुमारे ३ दिवसांनी उमलतं, पण त्याच फांदीवरचं पुढचं फूल सुमारे ६ दिवसांनी. चौथी : खोडालगतच्या सर्वांत वरच्या पांढऱ्या फुलाच्या वर किती पेरं उरली. ती पाचावर आली, की झाडाने वाढ आवरती घेतली असं समजावं.

बघा, पहिली खूण सुरुवातीची आहे, चौथी शेवटाची. लवकर सुरू होणं आणि लवकर आटोपणं या दोन गोष्टी आहेत. ‘लवकर येणारं’ हा एकच शब्द दोन्हींवर पांघरूण घालतो, ही आमची पहिली तक्रार.

दुसरी तक्रार अधिक खोल आहे. नैयायिक सांगतात, विस्तव आहे म्हणून धूर असेलच असं नाही. सरपण ओलं असावं लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. कपाशीतली उपाधी म्हणजे पातं टिकणं. फळफांदी खाली आली, पण किडीने किंवा पाणी साचून पहिली पाती गळली, तर झाड वर वाढून नुकसान भरून काढू पाहतं, आणि लवकरचं वाण उशिरा येतं. उलट हलक्या जमिनीत ताण बसला, की उशिराच्या वाणाचीही बोंडं अपुरी भरून लवकर फुटतात. ते लवकर येणं नव्हे, तो अकाली शेवट आहे.

हा शब्दच्छल नव्हे. विदर्भातला कोरडवाहू शेतकरी पावसावर पेरतो. पाऊस परतला की उथळ जमिनीतली ओल आटू लागते, आणि नेमकी तेव्हा उशिराची बोंडं भरायची असतात. गुलाबी बोंडअळीच्या पिढ्याही हंगाम लांबेल तशा वाढत जातात. फरदडीत तिला आयताच आसरा मिळतो.

तरी लवकर ते चांगलंच, असंही आम्ही म्हणणार नाही. सुरुवातीला पावसाचा खंड पडून पाती गेली, तर लांब मुदतीच्या झाडाला दुसरी संधी असते. लवकरचं वाण ती संधी कमी करतं. हा व्यवहार आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजू शेतकऱ्याला आधी कळायला हव्यात.

तेव्हा माहितीपत्रक लिहिणाऱ्यांकडे आमची मागणी साधी आहे. दिवस कुठपर्यंत मोजले, कोणत्या जमिनीत मोजले, पहिली फळफांदी कितव्या पेरावर होती आणि पाती किती टिकली, एवढं लिहा. आकड्याला साक्षीदार करायचं असेल, तर त्याची उलटतपासणीही झाली पाहिजे.