‘घाट’ : वाटेचे नाव डोंगराला

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात ‘घाट’ हा शब्द आता मागे पडलेल्या स्पेलिंगने नोंदवला आहे. अर्थ तीन : नदीचा उतार, डोंगरातून खाली जाणारी वाट आणि खुद्द डोंगररांग. तिसऱ्या अर्थाबद्दल कोशकारांचा तर्क असा, की घाटावरचा मुलूख, घाटाखालचा मुलूख असे बोलणे ऐकून परकीयांनी घाट हेच डोंगराचे नाव मानले असावे.

मुळशीकराला हे पटायला कोश लागत नाही. ताम्हिणी हा घाट. तो जिथून कोकणात उतरतो तो डोंगर सह्याद्री. घाटमाथा, घाटवाट, घाटावरची माणसे या सगळ्यांत ये-जा गृहीत आहे.

कोशकारांनी गैरसमज झाकला नाही, हे त्यांचे मोठेपण. आपण मात्र तो पाठ्यपुस्तकांत आणि सरकारी मराठीत रुजवला. २०१२ साली जागतिक वारसा यादीत हीच डोंगररांग ‘पश्चिम घाट’ म्हणून नोंदली गेली. नावातली वाट विसरली, की डोंगर निर्मनुष्य वाटू लागतो. संवेदनशील क्षेत्राच्या चर्चेत इथला रहिवासी उपरा ठरतो, त्याचा एक धागा या शब्दापाशी पोचतो.