मऊ धातूतले आटे

पोर्शे 911च्या दर्दी मंडळींत 1974 ते 1977च्या 2.7 लिटर इंजिनाचा विषय निघाला की नाकं मुरडली जातात. 1973च्या कॅरेरा आरएसचं नाव घेताच हीच मंडळी माना डोलवू लागतात. तिच्याही पोटात 2.7 लिटरचंच इंजिन होतं आणि इंजिनाचं कवच म्हणजे केसही तशीच मॅग्नेशियमची होती, हे मात्र सोयीने विसरलं जातं. मला विचाराल तर नीट काम करून पुन्हा बांधलेलं 2.7 हे 911च्या इंजिनांतलं सर्वांत रसाळ प्रकरण आहे. कारखाना पुढच्या दहा वर्षांत जे शिकला, ते त्यात मागे नेऊन बसवता येतं.

पोर्शेचे अभियंते हान्स मेत्सगर यांच्या हाताखाली घडलेलं मूळ इंजिन 1991 सीसीचं, बोअर 80 मिलिमीटर. 2.7पर्यंत पोचताना बोअर 90 झाला, स्ट्रोक 66चा 70.4 झाला, पण शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांमधलं 118 मिलिमीटरचं अंतर तेवढंच राहिलं. म्हणजे भोकं मोठी झाली आणि मधली धातू कमी झाली. त्यात 1968च्या मॉडेलपासून केस ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियमची. वजन घटलं ते 911ला हवंच होतं, कारण तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकतं. पण मॅग्नेशियम मऊ, आणि तापल्यावर तर आणखीच मऊ.

दुखण्याचं मूळ साध्या हिशेबात आहे. सिलिंडर आणि हेड केसला धरून ठेवतात ते 24 स्टड, एका सिलिंडरला चार. स्टड पोलादाचे, सिलिंडर-हेड ॲल्युमिनियमचे. तापमान 100 अंशांनी वाढलं की 100 मिलिमीटर ॲल्युमिनियम साधारण 0.23 मिलिमीटर वाढतं, पोलाद जेमतेम 0.12. हा फरक स्टडला ताणतो आणि स्टड केसमधले आटे ओढतो. मातीच्या भिंतीतल्या खुंटीवर ओझं वाढवत न्यावं, तसा प्रकार. एक दिवस आटे उपटून येतात, हेड सैल पडतं. अमेरिकेतल्या गाड्यांना, आधी कॅलिफोर्नियात आणि मग सगळीकडे, धूर स्वच्छ करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये थर्मल रिॲक्टर जोडले गेले. त्यांनी इंजिनाखाली जणू शेगडीच पेटवली. आणि नेमक्या त्याच सुमाराला इंजिन गार ठेवणाऱ्या पंख्याची पाती अकरावरून पाचावर आणली! या निर्णयाची बाजू घ्यायला माझी जीभ रेटत नाही.

यावरचा इलाज पाहण्यासारखा असतो. चोविसही जागी जुने आटे कापून काढतात, भोक मोठं करतात, त्यात रुंद आटे पाडतात आणि आत-बाहेर आटे असलेली पोलादी नळी पिळून बसवतात. कारागीर तिला केस-सेव्हर म्हणतात. आतले आटे स्टडच्या मूळ मापाचे, बाहेरचे मोठ्या व्यासाचे. ताण तोच, पण मऊ धातूच्या कितीतरी जास्त अंगावर वाटला गेलेला. राखाडी, निस्तेज केसवर ही चकचकीत कडी दिसते तेव्हा तिच्या चमकेकडे पाहू नये. ती पृष्ठभागापेक्षा किंचित खाली बसली आहे ना आणि सिलिंडर टेकतो त्या पृष्ठभागाशी काटकोनात आहे ना, ते पाहावं. भोक जरा कललं की स्टड कलतो, आणि मग चार स्टडवरून सिलिंडर सरळ उतरत नाही. घाईचा हात इथेच उघडा पडतो.

त्याहून अवघड काम डोळ्यांना दिसतच नाही. केसचे दोन भाग उभ्या सांध्यावर जुळतात आणि त्या सांध्यातच क्रँक आठ मेन बेअरिंगांवर फिरते. वर्षानुवर्षं तापून-निवून केस वळते आणि ती आठ भोकं एका रेषेत राहत नाहीत. मग सांध्याचे पृष्ठभाग अगदी हलके घासायचे, भाग पुन्हा आवळायचे आणि एका सलग दांड्यावरच्या पात्याने सगळी भोकं एकदम बोअर करायची. त्यानंतर बाहेरून 0.25 मिलिमीटर जाड बेअरिंग घालायचं. कॅमच्या साखळ्या फिरवणारा मधला शाफ्टही याच सांध्यात बसतो. बोअरचं केंद्र त्याच्याकडे सरकलं, तर दोघांमधल्या गिअरचे दात एकमेकांत रुततात आणि इंजिन कण्हतं. चांगला मशिनिस्ट म्हणून कमीत कमी धातू काढतो.

सुट्या भागांच्या बाबतीत मात्र कारखान्याचाच नंतरचा माल उचलावा. साखळी ताणून धरणारे जुने टेन्शनर दगा द्यायचे. साखळी दात सोडायची आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळायचे. 1984च्या 3.2 कॅरेरामध्ये या टेन्शनरना इंजिनाच्या ऑइलचाच दाब मिळाला. ते जुन्या इंजिनाला नव्या झाकणांसकट आणि ऑइलच्या नळ्यांसकट बसतात. दाब जास्त झाला की सोडलेलं ऑइल पूर्वी तळात पडायचं. केसमध्ये एक जुनी वाट बुजवून दुसरी पाडली की ते पंपाच्या तोंडाशीच परत जातं. अकरा पात्यांचा पंखा परत आणायचा, रिॲक्टर काढायचे, हे तर ओघाने आलंच. पिस्टन, कॅम आणि अश्वशक्तीच्या गप्पा ज्याने त्याने आपल्या खिशाप्रमाणे माराव्यात.

पण कारखान्याची प्रत्येक दुरुस्ती शिरसावंद्य मानायचं कारण नाही. ॲल्युमिनियमइतके प्रसरण पावणारे डिलाव्हार मिश्रधातूचे स्टड ही कल्पना कागदावर देखणी होती. प्रत्यक्षात गंज धरून ते मोडू लागले, विशेषतः खालच्या रांगेतले. म्हणून जाणते लोक केस-सेव्हर घालून पुन्हा साधे पोलादी स्टडच बसवतात, म्हणजे जो ताण टाळायचा होता तोच पत्करून त्याला भक्कम बूड देतात. मला या बांधणीतली ही सर्वांत शहाणी जागा वाटते.

शर्यतीत उतरायचं असेल तर नंतरच्या 3.0ची ॲल्युमिनियमची केस घ्यावी, यावर वाद नाही. पण रस्त्यावरच्या गाडीची केस अशी सावरता येत असेल, तर ती बदलून मागच्या टोकाला पुन्हा वजन चढवण्यात मला काही मतलब दिसत नाही.