पाचपैकी तीन म्हणजे किती?

पाचपैकी तीन गुण मिळाले, की आपण म्हणतो, साठ टक्के, ठीक आहे. हीच सवय घेऊन आल्प्स पर्वतातील हिमस्खलनाच्या धोक्याची पट्टी वाचली, तर मात्र जिवावर बेतू शकते.

ही पट्टी युरोपातील देशांनी १९९३ साली स्वीकारली. तिच्या पाच पायऱ्या अशा: १ अल्प, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ मोठा आणि ५ अतिशय मोठा धोका.

तिच्यामागचे विज्ञान भक्कम आहे. उतारावरचा बर्फ थराथरांनी साचतो. तळाचा बर्फ तुलनेने उबदार आणि पृष्ठभाग फार गार असेल, तर आतल्या बाष्पामुळे साखरेसारखे सुटे स्फटिक बनतात. या कच्च्या थरावर पुढचा बर्फ लादीसारखा घट्ट बसला, की माणसाच्या वजनानेही खालचा थर मोडतो आणि साधारण ३० अंशांहून तीव्र उतारावर अख्खी लादी घसरते. कच्चा थर किती सहज मोडेल, अशा जागा किती आहेत आणि स्खलन केवढे होईल, यांचा विचार करून तज्ज्ञ पायरी ठरवतात.

आमचा आक्षेप आहे तो आकड्याला. आकडा दिसला, की मोजमाप झाले असे आपण धरून चालतो. येथे एककच नाही. शर्यतीतल्या क्रमांकांप्रमाणे हे आकडे फक्त क्रम सांगतात, अंतर सांगत नाहीत. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीगणिक धोका झपाट्याने वाढतो. त्यात ३ हा आकडा बरोबर मधला, म्हणून सौम्य वाटतो. पण या पायरीवर एकट्या माणसाच्या वजनानेही उतार सुटू शकतो. स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्यातील सुमारे ३० टक्के दिवस ही पायरी जाहीर होते आणि हिमस्खलनातील सुमारे निम्मे मृत्यू तिच्यावरच घडतात. ४ आणि ५ चे दिवस थोडे. शिवाय तेव्हा बरेच लोक घरी थांबतात. ३ ला मात्र निघतात.

स्वित्झर्लंडमध्ये २०२२-२३ च्या हिवाळ्यापासून आकड्याला अधिक, उणे किंवा बरोबर अशी चिन्हे जोडली जातात. यामुळे बारकावा वाढला, पण गुणपत्रिकेसारखे वाचण्याचा मोह कमी होईल असे वाटत नाही. खरी माहिती आकड्याखालच्या मजकुरात असते: कोणती उंची, कोणत्या दिशेचे उतार, कोणता थर. आकडा मोठ्या प्रदेशाचा असतो, आपल्या पायाखालच्या उताराचा नव्हे.

काश्मीरमधील इशाऱ्यांच्या बातम्यांतही ‘मध्यम धोका’ हे शब्द येतात. ते वाचून कोणी निर्धास्त होऊ नये.

मापन शिकवताना ही पट्टी फळ्यावर लिहावी आणि मुलांना एवढेच विचारावे: दोनातून एक आणि चारातून तीन वजा केले, तर येथे उत्तर सारखेच येते का?