चंद्र नको, पिंगळा दाखवा

जंगलात न्यायला छोटा कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न आम्हाला नेहमी येतो. भिंग न बदलणारा, एका हातात धरता येईल असा. मॉडेलचं नाव सांगून मोकळं होता येईल, पण आज आम्हाला आधी या कॅमेऱ्यांच्या परीक्षणांवर थोडं बोलायचं आहे, कारण फसगत तिथूनच सुरू होते.

निकॉन कूलपिक्स पी९०० हा कॅमेरा २०१५ साली आला. ८३ पट झूम, म्हणजे २००० मिलिमीटरच्या बरोबरीचा. तेव्हापासून जो तो त्याने चंद्र काढून दाखवतो. तीन वर्षांनी पी१००० आला, १२५ पट, त्यानेही चंद्रच. आता बघा, चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड. उजेड भरपूर, हालचाल जवळजवळ नाही, समोर काळं आकाश. आम्हाला फोटो काढायचा असतो तो पहाटे बांबूत बसलेल्या पक्ष्याचा. त्याच्याबद्दल ही परीक्षा काय सांगणार? काहीच नाही.

दरेकसाचंच उदाहरण घेऊ. गोंदिया जिल्हा, सालेकसा तालुका, हावडा-मुंबई लोहमार्गावरचं स्टेशन. जवळ बोगदा, हाजरा फॉल, आणि कचारगडच्या यात्रेचे लोक इथेच उतरतात. भोवती डोंगर, साग, ऐन, मोह आणि बांबू. अशा रानात पंधरा-वीस मीटरपलीकडे पक्षी दिसण्याचीच मारामार. आता हिशेब करा. २००० मिलिमीटरला पंधरा मीटरवर कॅमेऱ्यात मावतो तो जेमतेम सत्तावीस सेंटिमीटर रुंदीचा तुकडा. पिंगळा वीत-सव्वा वीत उंच. तो सापडेपर्यंत उडालेला असतो, आणि फोकस पुढच्या बांबूवर अडकलेला. ६०० मिलिमीटरला तोच तुकडा नव्वद सेंटिमीटर होतो; पक्षी लहान दिसतो, पण सापडतो तरी.

मग जाणकार मंडळी म्हणतात, झूम सोडा, सेन्सर मोठा घ्या. सोनी आरएक्स१० मार्क ४, २०१७ चा, सेन्सर एक इंची, क्षेत्रफळ पी९०० च्या चौपट. आम्हीही बरीच वर्षं हेच सांगत होतो. अर्धंच खरं आहे ते.

भिंगाच्या कडेवर बारीक अक्षरांत आकडे छापलेले असतात. पी९०० वर ३५७ मिलिमीटर आणि ६.५. सोनीवर २२० आणि ४. भागाकार करा. दोन्हीकडे उत्तर येतं ५५ मिलिमीटर! म्हणजे पूर्ण झूमला दोघांचं तोंड एकाच मापाचं. लांबच्या त्याच पक्ष्याकडून येणारा उजेड दोघांच्या पोटात सारखाच जातो. सोनीचा फोटो पी९०० इतका कापून मोठा करायला गेलात, की त्याच्या दोन कोटी पिक्सेलमधले अठरा लाखच हातात उरतात. उलट कॅनन एसएक्स७०, १३६५ च्या बरोबरीचा, त्याचं तोंड येतं ३८ मिलिमीटर. वजनाला हलका, पण उजेड निम्म्याहूनही कमी. ही तुलना खोक्यावर कुणी छापत नाही.

सोनी जिंकतो तो जवळच्या कामात. जनावर मोठं असेल किंवा अगदी जवळ असेल, तर पी९०० ला झूम मागे घ्यावा लागतो आणि त्याचं तोंड आक्रसतं. सोनी पूर्ण झूमला पाऊण मीटरवर फोकस होतो, म्हणजे धबधब्याजवळच्या फुलपाखरांना उत्तम. पी९०० ला त्या झूमला पाच मीटर लागतात. तुषारांनाही सोनी जास्त दाद देत नाही. किंमत मात्र दादा, लाखाच्या घरातली.

आता मुख्य गोष्ट. पी९०० रॉ फाइल देत नाही. उजेड कमी झाला की कॅमेरा आयएसओ चढवतो, दाणे दिसू लागतात, आणि ते पुसायला आतला प्रोग्राम फोटो गुळगुळीत करतो. दाण्यांबरोबर पिसांवरचे ठिपकेही जातात. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. हा रानपिंगळा १८८४ नंतर थेट १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला. मधल्या काळातली एक नोंद लबाडीची निघाली. तेव्हा दरेकसाच्या रानातून कुणी तो पाहिल्याचं सांगितलं तर पुरावा मागितला जाणारच. आणि पुरावा म्हणून आलेला फोटो कॅमेऱ्यानेच घासून गुळगुळीत केलेला असेल तर? आमच्या एका फोटोत हेच झालं होतं. पंधरा दिवस आम्ही आनंदात होतो! दुसऱ्या सकाळच्या उजेडात तोच पक्षी, त्याच फांदीवर, डोकं ठिपक्यांनी भरलेलं.

म्हणून त्याच भिंगाचा पण रॉ देणारा पी९५० आम्ही पी९०० च्या वर ठेवतो, चार पैसे जास्त गेले तरी.

लांब झूमला आम्ही नावं ठेवतो असं मात्र समजू नका. गोंदियाकडच्या भातशेतीत सारस घरटं करतो. तिथे छोट्या झूमचा माणूस बांधावरून पुढे पुढे सरकतो, आणि पक्षी अंड्यांवरून उठतो. त्या जागी २००० मिलिमीटरच बरा, लांबून. फक्त सकाळी लवकर. ऊन तापलं की हवा थरथरते आणि कुठल्याही किमतीचं भिंग चिखल दाखवतं.

दुकानात जाल तेव्हा संध्याकाळी जा. आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बारीक ठिपक्यांचं कापड टांगायला सांगा, दाराबाहेर सहा मीटरवर उभे राहा, शटर १/२५० ला ठेवा, हातात धरूनच दहा फोटो काढा. मग पडद्यावर मोठं करून ठिपके मोजा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे.