कादंबरीकार होऊ न शकलेला शास्त्रज्ञ

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. मानसशास्त्रातले मला काय कळणार? परंतु थोडीफार कादंबरी मीही लिहितो, आणि बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एक कादंबरी लिहिली आहे. तेवढ्या नात्याने चार शब्द लिहितो.

स्किनर १९०४ साली पेनसिल्व्हेनियातल्या सस्क्वेहाना गावी जन्मला. कॉलेजात त्याने वाङ्मय घेतले. रॉबर्ट फ्रॉस्टसारख्या कवीने त्याच्या कथा वाचून त्याला उत्तेजन दिले. १९२६ साली पदवी मिळताच तो आईबापांच्या घरी लिहायला बसला. पण वर्ष सरले तरी हातून काही उतरेना. अखेर लेखणी ठेवून त्याने हार्वर्डची वाट धरली. तेथे उंदरांच्या आणि पुढे मिनेसोटात कबुतरांच्या पेटीपुढे बसून त्याने एक सूत्र पक्के केले : ज्या कृतीपाठोपाठ दाणा मिळतो, ती कृती प्राणी पुन्हा करतो. वर्तन घडते ते शिक्षेने नव्हे, बक्षिसाने.

सोडलेली लेखणी त्याने १९४५ साली पुन्हा उचलली. 'वॉल्डन टू' १९४८ साली प्रसिद्ध झाली. सुमारे हजार माणसांची एक वसाहत. रोज चार तास काम, पैशाचा व्यवहार नाही, शिक्षा नाही. संस्थापक फ्रेझियर ती पाहुण्यांना हिंडून दाखवतो आणि कॅसल नावाचा तत्त्वज्ञ पदोपदी हरकत घेतो. कादंबरी म्हणून पाहिले, तर इथली माणसे बोलतात फार आणि जगतात थोडी. कॅसल तर हरण्यासाठीच आणलेला आहे.

तरी एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. तीनचार वर्षांच्या मुलांना सकाळी साखर लावलेली गोळी देतात. दिवसभर जीभ लावली नाही, तरच ती पुढे खायला मिळते. अशी वाढलेली मुले पुढे संयमी आणि आनंदी होतात, असे लेखक सांगतो.

मीही एके काळी छडी ठेवून चिक्की हाती घेतली होती. पाढे म्हणेल त्याला तुकडा. वर्ग कसा खुलला! महिन्याभराने एका मुलाला फळा पुसायला सांगितले, तर तो म्हणाला, "गुरुजी, काय देणार?" त्या दिवशी मला छडीइतकीच चिक्कीचीही भीती वाटली.

मात्र स्किनरला नुसता बक्षीसवाला म्हणणे अन्यायाचे होईल. १९५३ साली मुलीच्या गणिताच्या तासाला तो पालक म्हणून बसला. उत्तर बरोबर की चूक हे मुलांना लगेच कळत नाही आणि हुशार व मंद एकाच चालीने हाकले जातात, हे पाहून त्याने शिकवण्याचे यंत्रच तयार केले. त्याने दाखवलेली ती चूक मी आजही करतो.

पण माझ्या मते या कादंबरीतले खरे जिवंत पात्र एकच : फ्रेझियर. तो अहंकारी आहे, चिडका आहे, त्याची खोली अस्ताव्यस्त आहे. आपण स्वतः या वसाहतीत वाढलेलो नाही, हे तो कबूल करतो. सुखी माणसे घडवणारा हा माणूस स्वतः सुखी नाही! १९९० साली वारेपर्यंत स्किनरने आपले सूत्र सोडले नाही. त्या सूत्रात न बसणारा माणूस मात्र त्याच्याच लेखणीतून उतरला. फ्रॉस्टने ओळखलेला कथाकार कुठे गेला नव्हता, तो पेटीमागे बसून होता.